कुपीवरचा एक शब्द : धनुर्वात, तुरटी आणि कोसबाडची अंगणवाडी

१/ धनुर्वाताच्या लसीच्या कुपीवर लसीच्या नावापुढे बारीक अक्षरांत एक शब्द छापलेला असतो : 'ॲडसॉर्ब्ड'. मराठीत 'अधिशोषित'. सुई टोचून घेणारा तो वाचत नाही, टोचणाऱ्यालाही तो वाचण्याची सवड क्वचितच मिळते. आजच्या धाग्यात या एका शब्दाचा इतिहास पाहू. ही वाट परळची प्रयोगशाळा, पंजाबातील एक दुर्दैवी गाव, इंग्लंडमधील बेकनहॅम, न्यू गिनी आणि पुणे अशी फिरून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीपाशी येते.

२/ आरंभ कोसबाडपासूनच करू. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी आले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांकडे नेऊ, हे या दोघींचे सूत्र होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर भरणारी 'कुरणशाळा' झाली. वस्तीतील घरापुढच्या अंगणात भरणारी बालवाडी तर त्याआधी बोर्डीलाच सुरू झाली होती. तीच 'अंगणवाडी'.

३/ पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. पूरक आहार, शालापूर्व शिक्षण, आरोग्य तपासणी, आरोग्य व पोषण शिक्षण आणि संदर्भ सेवा यांच्या जोडीला लसीकरण ही या योजनेची सहावी सेवा. म्हणजे आज भारतातील असंख्य गावांत गरोदर बाई आणि तान्हे मूल ज्या ठिकाणी लस घेतात, त्या जागेचे नाव बोर्डी-कोसबाडच्या अंगणातून निघालेले आहे. त्या अंगणात जी कुपी फुटते, तिची गोष्ट आता ऐका.

४/ धनुर्वाताचा जीवाणू मातीत आणि शेणात बीजाणूंच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकून राहतो. जखमेत, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे तो रुजतो आणि एक विष तयार करतो. हे विष म्हणजे एक प्रथिन. स्नायूंना आवर घालणारे मज्जातंतूंचे संदेश ते बंद पाडते. जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. नाव तिथूनच आले.

५/ या रोगाचा सर्वांत क्रूर प्रकार नवजात बालकांचा. विळ्याने किंवा गंजक्या पात्याने नाळ कापली, जखमेवर शेण-माती लागली, की बीजाणू आत शिरतात. पहिले दोन दिवस बाळ नीट दूध पिते. मग तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसांच्या दरम्यान ते दूध ओढणे थांबवते, आणि उपचार न मिळाल्यास बहुतेक बाळे दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार, काही दशकांपूर्वी भारतात दरवर्षी दीड ते दोन लाख नवजात बालकांना हा रोग होत असे. यांतील बहुसंख्य जन्म दवाखान्यापासून दूर, घरातच झालेले.

६/ उपायाचा पहिला धागा १८९० मध्ये बर्लिनमध्ये सापडला. एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाचा उतारा असतो. त्यानंतर जगभर घोडे पाळून त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढले जाऊ लागले. पण हे उसने संरक्षण. काही आठवड्यांत ते संपते. शरीराने स्वतः संरक्षण कमवावे, तर विष टोचावे लागते, आणि विष टोचले तर माणूस मरतो. हा पेच तीस-पस्तीस वर्षे सुटला नाही.

७/ या मधल्या काळात धनुर्वाताने मुंबईच्या लसविज्ञानावरच घाव घातला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. लाखो लोकांना इथली लस मिळाली.

८/ ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस टोचून घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. चौकशी झाली, दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन निलंबित झाले. पुढे पुराव्यांची फेरतपासणी झाली तेव्हा असे दिसले की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिन यांच्या बाजूने पत्र लिहिले. हाफकिन निर्दोष ठरले आणि भारतात परतले, परंतु परळचे ते दिवस पुन्हा आले नाहीत. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

९/ योगायोग असा की ज्या वर्षी परळच्या दारावर 'हाफकिन' हे नाव लागले, त्याच सुमारास धनुर्वाताचा पेच पॅरिसमध्ये सुटत होता. पाश्चर इन्स्टिट्यूटमधील पशुवैद्य गास्ताँ रामाँ यांनी १९२३-२४ मध्ये घटसर्पाच्या विषात फॉर्मालिन मिसळून ते ऊबदार जागी ठेवले. विषाची मारकता गेली, पण शरीराला त्याची ओळख पटेल इतकी त्याची घडण शाबूत राहिली. हाच 'टॉक्सॉइड'. लवकरच धनुर्वाताच्या विषाचेही टॉक्सॉइड तयार झाले.

१०/ मात्र टॉक्सॉइड एकटे दुबळे होते. ते शरीरातून झपाट्याने निघून जाई आणि प्रतिपिंडे थोडीच बनत. रामाँ यांनी घोड्यांचे निरीक्षण केले. ज्या घोड्याला टोचल्या जागी गळू होई, त्याच्या रक्तात प्रतिविष जास्त मिळे. मग मुद्दामच दाह निर्माण व्हावा म्हणून त्यांनी लसीत टॅपिओका, म्हणजे आपल्या साबुदाण्याचे पीठ, यांसारखे पदार्थ मिसळून पाहिले. प्रतिविष वाढले. उपवासाच्या खिचडीचा हा पदार्थ लसविज्ञानाच्या इतिहासात असा डोकावून गेला आहे.

११/ १९२६ मध्ये बेकनहॅम येथील वेलकम प्रयोगशाळेत अलेक्झांडर ग्लेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घटसर्पाच्या टॉक्सॉइडमध्ये तुरटी टाकली. द्रावण पांढुरके झाले, तळाशी साका बसला. हा साका गिनिपिगना टोचला तेव्हा साध्या टॉक्सॉइडपेक्षा कितीतरी प्रबळ प्रतिकारशक्ती निर्माण झाली. तेव्हापासून आजपर्यंत, जवळजवळ एक शतक, ॲल्युमिनियमचे क्षार हे लसींतील सर्वाधिक वापरले जाणारे सहायक द्रव्य राहिले आहे.

१२/ तुरटीचे हे काम आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा फिरवला की थोड्या वेळात गाळ तळाशी बसतो. तुरटीतील ॲल्युमिनियम पाण्याशी संयोग पावून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे मऊ, जेलसारखे पुंजके बनवते, आणि मातीचे कण या पुंजक्यांना चिकटून खाली जातात. ग्लेनी यांच्या भांड्यात मातीच्या जागी टॉक्सॉइडचे प्रथिन होते, एवढाच फरक.

१३/ आता त्या शब्दाकडे वळू. स्पंज पाणी पितो ते शोषण : पाणी आतवर मुरते. अधिशोषणात पदार्थ आत मुरत नाही, पृष्ठभागावर येऊन बसतो. दमट दिवशी काचेवर धरलेला बाष्पाचा थर आठवा. हा भेद दाखवण्यासाठी जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख कायझर यांनी १८८१ मध्ये 'ॲडसॉर्प्शन' ही संज्ञा रूढ केली. १९३० च्या दशकात लस बनवण्याची रीत बदलली. टॉक्सॉइडमध्ये तुरटी टाकून साका पाडण्याऐवजी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे जेल आधी तयार करून त्यावर टॉक्सॉइड बसवले जाऊ लागले. कुपीवरचा शब्द या रीतीचा वारस आहे.

१४/ प्रथिन तिथे का बसते? पहिले कारण विद्युतभार. धातूच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडच्या पृष्ठभागावर असंख्य हायड्रॉक्सिल गट असतात. भोवतालच्या द्रवाचा सामू पाहून ते हायड्रोजनचा आयन धरतात किंवा सोडतात. लसींतील ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पृष्ठभाग सामू ११ च्या आसपास भारहीन होतो. त्याखाली तो धनभारित असतो. शरीरातील सामू ७.४. धनुर्वाताचे टॉक्सॉइड त्या सामूला ऋणभारित असते. दोघे एकमेकांकडे ओढले जातात.

१५/ ॲल्युमिनियम फॉस्फेटची गोष्ट उलट. त्याचा पृष्ठभाग सामू ५ च्या आसपासच भारहीन होतो, म्हणून ७ ला तो ऋणभारित असतो आणि धनभारित प्रथिनांना अधिक पसंत करतो. त्यामुळे कोणत्या लसीसाठी कोणता क्षार, किती सामू, किती मीठ, हे लस बनवणाऱ्याला तोलूनमापून ठरवावे लागते. थोडे मीठ वाढले तरी आकर्षण मंदावते.

१६/ दुसरे कारण अदलाबदल. काही प्रथिनांवर फॉस्फेटचे गट असतात. ते पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिलला बाजूला सारून थेट ॲल्युमिनियमशी बंध जोडतात. ही पकड भाराच्या ओढीपेक्षा कितीतरी घट्ट. तिसरे कारण पाण्याशी असलेले वैर : प्रथिनाचे जे भाग पाण्यापासून दूर राहू पाहतात, ते पृष्ठभागाच्या आसऱ्याला जातात. एकेक बंध क्षीण असला तरी एक प्रथिन अनेक जागी टेकते, म्हणून ते सहजी सुटत नाही.

१७/ जागा किती मिळते, तेही पाहा. या हायड्रॉक्साइडचे मूळ कण इतके सूक्ष्म असतात की एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे ५०० चौरस मीटर भरते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. अशी जवळपास चार मैदाने एका ग्रॅममध्ये. लसीच्या एका मात्रेत ॲल्युमिनियमची कमाल मर्यादा १.२५ मिलिग्रॅम. तेवढ्यातूनही सव्वा ते दीड चौरस मीटर, म्हणजे एका लहान चटईएवढे पृष्ठफळ मिळते. अर्ध्या मिलिलिटर पांढुरक्या द्रवात गुंडाळलेली ही चटई.

१८/ हे काम का करते, याचे ग्लेनी यांचे उत्तर साधे होते : टोचल्या जागी प्रथिनाचा साठा होतो आणि तो हळूहळू पाझरतो. हे उत्तर अनेक दशके पाठ्यपुस्तकांत राहिले. पण रक्तात आणि ऊतींतील द्रवात इतर असंख्य प्रथिने असतात आणि तीही त्याच पृष्ठभागावर बसू पाहतात. लिओ व्रोमन यांनी १९६० च्या दशकापासून दाखवले की पृष्ठभागावर आधी बसलेले प्रथिन नंतर आलेले दुसरे प्रथिन हटवते. कृत्रिम सांध्यातील टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यावरही रक्तातील प्रथिनांची अशीच झटापट चालते. लसीतील टॉक्सॉइडही शरीरात शिरल्यावर बऱ्यापैकी लवकर सुटू लागते.

१९/ २००८ मध्ये दिसून आले की ॲल्युमिनियमचे कण पेशींमधील धोक्याची घंटा वाजवणारी एक यंत्रणा जागी करतात. २०१२ च्या एका प्रयोगात उंदरांमध्ये टोचलेली जागाच दोन तासांनी काढून टाकली, तरी प्रतिकारशक्ती तेवढीच निर्माण झाली. साठ्याची कल्पना डळमळली. नेमके काय घडते, यावर संशोधन आजही चालू आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थांबून विचार करावा : कोट्यवधी माणसांना वाचवणारी रीत तिच्या खऱ्या कारणांच्या कितीतरी आधी चालू झाली. अनुभव पुढे गेला आणि स्पष्टीकरण मागून चालत आले.

२०/ आईला लस दिली की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि जन्माच्या वेळी बाळ सुरक्षित असते. १९६१ मध्ये न्यू गिनीतील गरोदर स्त्रियांवर हे पडताळून पाहिले गेले. तेव्हा साध्या टॉक्सॉइडच्या एका मात्रेने बाळ वाचत नव्हते, दोन मात्रांनी काही अंशी वाचत होते, पुरते संरक्षण मिळण्यास तीन मात्रा लागत होत्या. १९६५ मध्ये त्याच प्रदेशात साधे आणि ॲल्युमिनियमयुक्त टॉक्सॉइड यांची तुलना झाली. ॲल्युमिनियमयुक्त लसीने कमी मात्रांत जास्त प्रतिपिंडे दिली. १९६६ मध्ये कोलंबियातील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ॲल्युमिनियम फॉस्फेटवर बसवलेल्या लसीच्या दोन किंवा अधिक मात्रा घेतलेल्या मातांच्या बाळांपैकी एकही धनुर्वाताने दगावले नाही.

२१/ तीन मात्रा आणि दोन मात्रा यांतील अंतर शहरात किरकोळ वाटेल. पाड्यावर ते मोठे असते. भातलावणीच्या दिवसांत मजुरी सोडून, नदी-ओहोळ ओलांडून, पोटुशी बाई दोनदा आली हेच पुष्कळ. तिसरी फेरी हुकली की बाळ उघडे पडते. ही एक फेरी वाचवण्याचे काम त्या पांढुरक्या साक्याने केले. ताराबाई-अनुताईंनी शाळा अंगणात नेऊन जे अंतर कमी केले, तेच अंतर रसायनशास्त्राने दुसऱ्या बाजूने कमी केले.

२२/ आता पुणे. सायरस पूनावाला यांच्या घराण्याचा घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय होता. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे प्रतिविष काढण्यासाठी परळच्या हाफकिन संस्थेकडे जात. यातूनच १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आरंभ धनुर्वाताच्या प्रतिविषापासून झाला, आणि १९७४ मध्ये घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची त्रिगुणी लस आली. भारत सरकारने १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू केला. अंगणवाडी आणि कुपी यांची गाठ पक्की झाली.

२३/ इथे एक वळण आहे, आणि ते डहाणू-तलासरीसारख्या उष्ण, दमट किनारपट्टीत विशेष चकवणारे. आपली समजूत अशी की लसीचा शत्रू ऊन. अधिशोषित लसीला मात्र बर्फ अधिक घातक. ती गोठली की पाण्याचे स्फटिक जेलच्या कणांना एकमेकांवर दाबतात, कण गोळा होतात, जेलची मूळ रचना मोडते. वितळल्यावर ती पूर्वस्थितीत येत नाही. द्रव दिसायला तसाच, ताकद मात्र घटलेली. कुपीवरील उष्णता दाखवणारे वर्तुळही याबाबत मुके असते, कारण ते गोठणे नोंदवत नाही.

२४/ म्हणून ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवायची. अंगणवाडीकडे जाणाऱ्या डब्यात बर्फाच्या लाद्या थेट फ्रीजरमधून घालायच्या नाहीत. त्या बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येईपर्यंत थांबायचे. शंका आली तर हलवून पाहण्याची चाचणी : त्याच गटातील एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित कुपीशेजारी ठेवून दोन्ही हलवायच्या आणि निरखायच्या. गोठलेल्या कुपीतील कण भरभर तळाशी बसतात. संशयित कुपीही तितक्याच वेगाने निवळली, तर ती बाद. यंत्र नाही, वीज नाही. हंड्यातील तुरटीकडे पाहणारी नजर इथे पुरते.

२५/ मे २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित झाले. निकष असा : प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. याचे श्रेय एकट्या लसीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. दवाखान्यातील वाढती बाळंतपणे, सुईणींचे प्रशिक्षण, नवे पाते आणि स्वच्छ धागा, घरोघर फिरणाऱ्या परिचारिका व सेविका, हे सारे त्यात आहे. आणि बीजाणू मातीतच आहेत. देवीचा रोग पृथ्वीवरून गेला तसा धनुर्वात जाणार नाही. प्रत्येक पिढीतील प्रत्येक आईला हे संरक्षण नव्याने द्यावे लागेल.

२६/ कोसबाड आज पालघर जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. त्यांच्या कार्यावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. हाफकिन यांचे नाव परळला आहे, पूनावालांचे पुण्यात. त्या जेलच्या नावाने मात्र कुठे पाटी नाही. पुढच्या वेळी गावातील लसीकरणाच्या दिवशी सेविकेच्या हातात कुपी दिसली, तर तिच्यावरचा तो बारीक शब्द अवश्य वाचा. आणि डब्यात लाद्या भरण्यापूर्वी सेविका त्या कानाशी धरून का हलवते, हे सोबतच्या धाकट्यांना समजावून सांगा.

(धागा समाप्त)